विल्फ स्केल्टनला कशाचीच आठवण येत नव्हती

विल्फ स्केल्टन चोर असेल असं मला कधीच वाटलं नाही. खुनी असेल असं मात्र दोन-तीनदा वाटून गेलं.

कारण सांगते. आमच्या आहिहिक गावात, या स्पॅनिश बोलणाऱ्या परक्या देशात तळ्याकाठी, जे इंग्रज म्हातारे-म्हाताऱ्या येऊन राहिलेत त्यांतल्या प्रत्येकाच्या जिभेला कसली ना कसली टोचणी आहे. ऊन फुकट, भाजी स्वस्त, फुलं बारा महिने, आणि तरी चार जण बसले की रडगाणं एकच. इथला पाव गोड. इथल्या बेकनला चव नाही. इथे पाणी लवकर उकळतं, कारण गाव उंचावर आहे, त्यामुळे चहा म्हणजे नुसतं रंगीत पाणी. हा शेवटचा मुद्दा माझा आहे आणि तो मी कुठेही, कोणालाही ऐकवते.

दर गुरुवारी दुपारी आम्ही बेरिल हॅटर्सलीच्या पडवीत जमतो. चहा झाला की फेरी सुरू होते. प्रत्येकाने एका पदार्थाचं नाव घ्यायचं, जो आत्ता समोर आला तर आपण काय वाटेल ते देऊन टाकू. नुसतं नाव घेऊन भागत नाही. कुठे खाल्ला, कोणी केला, कसा लागायचा, सगळं सांगायचं. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, नुसतं तोंडातलं पाणी गिळायचं. बेरिलची डुकराच्या मटणाची पाई ठरलेली. गार, कडक पापुद्र्याची, कापली की आत जेली थरथरणारी. रेजी टनिक्लिफचा मासा ठरलेला, धुरावर सुकवलेला हेरिंग, लोण्यात परतलेला. माझा टार्ट, फाटलेल्या दुधाचा, बेदाणे घातलेला, हडर्सफील्डला माझी मावशी करायची तो. सांगता सांगता बेरिलच्या डोळ्यांना पाणी येतं आणि रेजी तिला हसतो. मग रेजीची पाळी आली की बेरिल त्याला हसते.

विल्फ आमच्यात आला तो बायको गेल्यावर. त्याआधी कित्येक वर्षं तो याच गावात, वरच्या आळीत, कूका नावाच्या इथल्याच बाईशी लग्न करून राहत होता, आणि आमच्या पडवीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाजारात दिसला तर टोपीला हात लावायचा आणि पुढे जायचा. कूका गेली आणि एका गुरुवारी हा दारात उभा. अंगाने वाळलेला, केस पाण्याने चापून बसवलेले, हातात टोपी.

"बसलो तर चालेल का?" त्याने विचारलं. "घरी आता बोलायला कोणी नाही. आपली भाषा कानावर पडली तर बरं वाटेल."

बेरिल कडक बाई आहे, पण दारात आलेल्याला हाकलणारी नाही. तिने खुर्ची दिली. चहा झाला, फेरी झाली, आणि विल्फची पाळी आली.

"माझं काही नाही," तो म्हणाला.

"काही नाही म्हणजे?" रेजीने विचारलं.

"तुमचं चालू द्या. मला ऐकायला आवडतं. मला इथलं जेवण बरं आहे."

त्याने राणीला शिवी दिली असती तरी पडवी इतकी गप्प झाली नसती. बेरिलने बिस्किटांची बशी उगाच इकडची तिकडे केली. मी कपात पाहत बसले.

तो फाटकाबाहेर पडायचा अवकाश, रेजी माझ्याकडे वळला. "हा इंग्रजच नाही."

"काहीतरीच काय," बेरिल म्हणाली. "बोलणं ऐकलंस ना? अस्सल हल गावचं. माझा मामा हलमध्ये होता, मला कळत नाही होय? संध्याकाळच्या जेवणाला 'टी' म्हणतो तो."

"शिकवलं असेल कोणीतरी."

"कोण शिकवेल आणि कशाला? हल हे काय रे खोटं सांगून मिरवायचं गाव आहे?"

"मग इंग्रज असेल, पण पळून आलेला," रेजी म्हणाला. "उभा जन्म हार्विचच्या बंदरावर लोकांच्या बॅगा उघडण्यात घालवलाय मी. 'माझ्याकडे काही नाही' म्हणतो ना, त्याचीच बॅग पहिली उघडायची असते."

रेजी कस्टममध्ये होता. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. त्याच्या घरी जेवायला गेलं तरी वाटतं की निघताना हा खिसे तपासणार. एरवी आम्ही त्याची टर उडवतो. पण या वेळी त्याचं बोलणं मनात रुतलं. मला माणसं कळतात, आणि घरच्या जेवणाची आठवण न येणारा माणूस मी पाहिला नव्हता. ज्याचं लग्न मोडलंय, ज्याला पोरं विचारत नाहीत, ज्याने देशाच्या नावाने कायमची बोटं मोडलीत, अशालाही आईच्या हातचं काहीतरी आठवतंच. ज्याला ते आठवत नाही, त्याला ते आठवायचं नाहीये. आणि का नाहीये, हे मग शोधावं लागतं.

त्यानंतर आम्ही त्याच्यावर नजर ठेवली. जितकी ठेवली तितकं दिसत गेलं. बेरिलने सँडविच पुढे केलं की विल्फ डावा हात बशीभोवती कुंपणासारखा घालायचा आणि मान खाली घालून खायचा. इतकं भराभर खायचा की आमचा पहिला घास पोटात जाईपर्यंत याची बशी लख्ख. एकदा पावाचा उरलेला तुकडा त्याने सगळ्यांची नजर चुकवून खिशात टाकला. सगळ्यांची चुकली, रेजीची नाही.

"तुरुंग," रेजी मला म्हणाला. "बशीभोवती हात घालून कोण खातं? ज्याच्या शेजारचा ओढून घेतो तो. एक-दोन वर्षांचं काम नाही हे, एनिड. लांबची शिक्षा."

"कशाबद्दल?"

"माणूस शांत आहे. शांत माणसं चोऱ्या करत नाहीत."

त्या दिवसापासून विल्फ माझ्या शेजारी बसला की मी पाव कापायची सुरी माझ्या बाजूला ओढून घ्यायची. सुरी बोथट होती हा भाग वेगळा.

गंमत अशी की माणूस वागायला कसा, तर कोणी बोट ठेवू शकणार नाही असा. गुरुवारी सगळ्यांच्या आधी यायचा. बेरिलच्या माळ्याला हाताशी धरून पडवी झाडून घ्यायचा. बोलायचा कमी, पण आमची फेरी सुरू झाली की पुढे सरकून, हनुवटी मुठीवर टेकवून ऐकत राहायचा. गोष्ट ऐकणारी पोरं बसतात ना, तसा. रेजीचा तोच तो मासा त्याने किती वेळा ऐकला असेल, तरी विचारायचा, "आणि काटे कसे काढायचा तुम्ही?" त्याला ती खुर्ची हवी होती. आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि नेमकं तेच मला डाचायचं. खायची हौस नाही, आमच्यातल्या कोणावर विशेष जीव नाही, मग याला आमच्यात बसायचंय कशाला?

नोव्हेंबर उजाडला. संत आंद्रेसच्या जत्रेचे बाण दिवसभर आभाळात फुटायला लागले आणि बेरिलने नाताळच्या जेवणाचा विषय काढला. हे जेवण म्हणजे आमचं देवघर. त्यासाठी कोणाची भाची येताना सुकामेव्याचं पुडिंग आणते, कोणाचा जावई चटणीच्या बरण्या आणतो, आणि सगळं बेरिलच्या कपाटात कुलपात राहतं.

"मला स्पष्ट कळायला हवं," बेरिल म्हणाली. "माझ्या घरात, त्या दिवशी, माझ्या टेबलावर कोण बसणार आहे ते. हा माणूस कोण आहे हे कळलं तर बसेल. नाही कळलं तर नाताळला नाही आणि त्यानंतर गुरुवारीही नाही. तोंडावर सांगेन मी त्याला."

"सांगशील?" मी विचारलं.

"तू आधी काढून बघ त्याच्याकडून. तुझ्याशी बोलतो तो."

माझ्याशी तो बोलायचा असं काही नाही. मी बोलायची आणि तो थांबायचा. पण गेले.

तो दुपारचा बाजारात चायोबाईच्या गाड्यावर जेवतो, हे गावाला ठाऊक आहे. चायोबाई तळ्यातले बोटभर मासे तळते आणि टोमॅटो-मिरचीचं माशाचं कालवण करते. लाकडी बाकावर विल्फ बसला होता, समोर कालवणाचा वाडगा, मक्याच्या टोर्टियांची चवड, आणि डावा हात नेहमीसारखा सगळ्याभोवती.

"या बाई," चायो मला म्हणाली. "तुम्ही तरी सांगा या सेन्योर विलला. रोज सांगते, सावकाश खा, वाडगा काही पळून जात नाही. कूका बिचारी सांगून सांगून गेली."

विल्फ हसला आणि माझ्यासाठी सरकला. मी आडवळणाने सुरुवात केली. कूका कुठे भेटली? मान्सानियो बंदरात. हा बोटीवर इंजिनखान्यात होता, बोट दुरुस्तीला थांबली, ती खानावळीत वाढायला होती. तिने दुसऱ्यांदा वाढलं आणि पैसे घेतले नाहीत, म्हणून हा तिसऱ्यांदा गेला. बोट निघून गेली, हा राहिला. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि खरं सांगते, त्या घटकेला मला तो आवडला.

"आणि बोटीच्या आधी?" मी विचारलं.

"आधी हलमध्ये."

"हलमध्ये कुठे?"

"बंदराच्या बाजूला."

"घरी कोण कोण?"

त्याने टोर्टिया मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली. दुसरी मोडली. चायो मिरच्या चिरता चिरता थांबली.

"विल्फ," मी म्हटलं, "मी आडून बोलत नाही. बेरिल म्हणते, कोण-कुठले ते कळल्याशिवाय नाताळला बोलावणार नाही. गुरुवारीही नाही. तुम्हाला घरचं काहीच कसं आठवत नाही? आई करत असेल की काहीतरी. एक पदार्थ. एक!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच ओळखायला हवं होतं, पण मी त्या वेळी पोलीस झाले होते. तो शोधत होता. आठवणीतलं शोधत नव्हता, माझ्या चेहऱ्यावर शोधत होता, कुठलं उत्तर दिलं म्हणजे चालेल ते.

"खीर," तो शेवटी म्हणाला. "तांदळाची. भट्टीत ठेवून करतात ती."

आदल्याच गुरुवारी फेरी संपल्यावर बेरिल त्या खिरीवर भरभरून बोलली होती. हेही मला नंतर सुचलं.

"आवडायची?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला आणि वाडग्यात पाहत राहिला. "फार."

मी तडक बेरिलकडे गेले. बेरिल आनंदली. रेजीने मात्र भुवई वर केली.

"खीर! कोणीही सांगेल. पुस्तकात वाचून सांगेल. तू एक काम कर बेरिल, खीर कर. आणि साय वाढ त्याला. मग बघ."

इंग्रज घरात वाढलेल्याला हे सांगायला नको. भट्टीत तासन्‌तास राहून त्या खिरीवर जी तपकिरी, खरपूस साय धरते ना, तिच्यासाठी भावंडं एकमेकांचे केस उपटतात. आमच्याकडे आजारी पडलं तरच ती साय पूर्ण मिळायची, म्हणून मी आजारी पडायची. माणसाला साय वाढणं म्हणजे मान देणं. तेव्हा रेजीच्या मते ही परीक्षा होती, बेरिलच्या मते मान होता, आणि माझ्या मते दोन्ही.

बेरिलने त्या खिरीसाठी घर डोक्यावर घेतलं. बुटका तांदूळ ग्वादालाहारा शहरातून मागवला. दूध शेजारच्या चूईच्या गाईचं, कारण खोक्यातल्या दुधाला साय धरत नाही. जायफळ तिने बरणीच्या तळातून खरवडून काढलं. या उंचीवर भट्टी नीट चालत नाही, म्हणून सकाळपासून ती स्टूल घेऊन भट्टीसमोर बसली होती. दुपारी आम्ही गेलो तेव्हा घरभर दूध, साखर आणि जायफळ. रेजीसारखा रेजी फाटकात थांबला आणि त्याने डोळे मिटले. मला माझी मावशी, तिचा एप्रन, खिडकीवरची वाफ, सगळं एकदम आठवलं.

नेहमी सगळ्यांच्या आधी येणारा विल्फ त्या दिवशी शेवटी आला. पडवीच्या पायरीवर त्याचा पाय अडखळला. वास आला असणार. रेजीने मला कोपराने ढोसलं.

"या या," बेरिल म्हणाली. "आज फेरी नाही. आज तुमचा दिवस."

तिने पांढऱ्या एनॅमलच्या भांड्यातून ती साय मोठ्या चमच्याने अख्खी उचलली, खाली भरपूर खीर घेतली, वाडगा भरला आणि विल्फसमोर ठेवला. कोणाच्याही वाटणीला एक पापुद्रासुद्धा ठेवला नाही. मला क्षणभर रागच आला, खोटं कशाला बोलू?

विल्फ ताठ बसला होता. दोन्ही हात मांडीवर. डावा हात वाडग्याभोवती गेला नाही. आजवर बिस्किटाभोवतीसुद्धा जाणारा तो हात, आज गेला नाही. मला ते दिसलं, पण उलगडलं नाही.

"घ्या ना," बेरिल म्हणाली.

तेव्हा त्याने चमचा उचलला आणि खायला लागला. एक घास, गिळला. दुसरा, गिळला. चावतच नव्हता. साय चमच्यावर लोंबायची, तो ती आत ढकलायचा आणि पुढचा घास घ्यायचा. कपाळावर घाम आला होता. बाहेर जत्रेचा बाण फुटला, आम्ही सगळे दचकलो, तो दचकला नाही.

"बघा!" रेजीने टाळी वाजवली. "कसा तुटून पडलाय बघा! घेतो मी माझे शब्द मागे. हा आपलाच माणूस!"

बेरिलही हसली. मी हसले. वाटलं, चला, एकदाचं संपलं, नाताळला बसेल बिचारा.

विल्फने शेवटचा घास गिळला. चमच्याने वाडगा कडेकडेने खरवडला. मग त्याने वाडगा उचलून टेबलावर पालथा घातला, आत काही उरलेलं नाही हे दिसावं म्हणून, आणि त्यावर चमचा आडवा ठेवला. हात पुन्हा मांडीवर. मान वर करून त्याने बेरिलकडे पाहिलं. म्हणजे, डोळे तिच्यावर होते.

"संपवलं, मेट्रनबाई," तो म्हणाला. "आता उठू का?"

आवाज त्याचाच होता, सत्तरीच्या माणसाचा, आणि तरी तो नव्हता.

 रेजीचा हात अर्धवट वर होता तो तसाच राहिला. आमच्यापैकी प्रत्येकाने लहानपणी आईला हेच विचारलंय, जेवण झाल्यावर टेबलावरून उठू का म्हणून. आमच्याकडची रीतच ती. पण आम्हाला 'हो' म्हणणारी आई होती. विल्फ बसून होता. त्याला कोणी 'हो' म्हटलं नव्हतं, म्हणून तो उठत नव्हता.

"ऊठ," बेरिल म्हणाली. तिचा आवाज फाटला. "ऊठ बाळा."

तो उठला. उठल्यावर मग त्याला कळलं आपण कुठे आहोत ते. त्याने आमच्याकडे पाहिलं, पालथ्या वाडग्याकडे पाहिलं, घाईने तो सरळ केला आणि टोपी शोधायला लागला.

"चूक झाली," तो म्हणाला. "मी लहानपणी तिकडे होतो, पोरांच्या अनाथघरात. तिथे हेच असायचं. गार. नाही संपवलं तर दुसऱ्या दिवशी तेच पुढे यायचं. संपेपर्यंत. सवय आहे जुनी. मनावर घेऊ नका."

"अरे पण मग तू आवडते का म्हणालास?" रेजी जवळजवळ ओरडलाच. त्याला राग विल्फचा आला नव्हता, पण तो दुसऱ्या कोणावर काढणार? "साफ सांगायचंस ना, आवडत नाही म्हणून!"

विल्फने टोपी दोन्ही हातांत धरली. "काहीतरी आवडायला हवं होतं ना," तो म्हणाला. "नाहीतर तुम्ही बसू दिलं नसतंत."

'दिलं असतं' एवढंच म्हणायचं होतं. रेजीने म्हणायचं, नाहीतर मी, नाहीतर बेरिलने. कोणाचीच जीभ वळली नाही, कारण दिलं नसतं.

बेरिलने ते एनॅमलचं भांडं उचललं. आत बरीच खीर होती, आम्ही तिघांनी चाखलीही नव्हती. ती ते आत घेऊन गेली आणि मागच्या अंगणात चूईच्या कोंबड्यांना ओतल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. परत येऊन ती विल्फसमोर उभी राहिली.

"पुढच्या गुरुवारी ये," ती म्हणाली. "नुसता ये. काही आवडू नकोस."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग रेजीकडे, मग माझ्याकडे. इतके महिने आम्ही त्याच्याकडे जसं पाहत आलो होतो, अगदी तसंच.

"आणि खायला काय घालाल?" त्याने विचारलं.

गुरुवारी तो आला. बसायच्या आधी टेबलाभोवती फिरला आणि प्रत्येक भांड्याचं झाकण उचलून आत पाहिलं. बेरिलच्या घरात हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिने हातावर चमचा मारला असता. त्याचं बघून होईपर्यंत ती किटली हातात धरून उभी राहिली, आणि तिच्यामागे आम्हीही.